एका बरोबरीची कहाणी

'अजिंक्य' हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. जो कधी हरला नाही तो अजिंक्य, इतकेच आपण पाहतो. तो दर वेळी जिंकलाच होता काय, हे विचारीत नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात हा भेद दाखविणारा एक सामना होऊन गेला. ९ नोव्हेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर तो झाला, आणि त्यात कोणत्याच पक्षाला एकही गुण मिळाला नाही!

वाचकांनी मनात आपला फुटबॉल आणू नये. या खेळातला चेंडू लांबट. तो हातात घेऊन धावायचा किंवा फेकायचा, आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्याला कबड्डीतल्यासारखे धरून लोळवायचे. अकरा गड्यांचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू कोणाला द्यायचा, कोणाकडे फेकायचा, की स्वतःच धावायचे, हे त्याने क्षणार्धात ठरवायचे. आज तो केवळ चढाईपुरता मैदानात असतो. त्या काळी मात्र बचावालाही पुष्कळदा त्यालाच उभे राहावे लागे. आपली कहाणी नेमकी येथेच अडून आहे.

१९४३ मध्ये नोटर डेम विद्यापीठाचा क्वार्टरबॅक अँजेलो बर्टेली याला ऐन हंगामात सैन्याचे बोलावणे आले. त्याच्या जागी जॉनी लुजॅक हा अठरा वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि त्याने वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयाच्या, म्हणजे 'आर्मी'च्या, संघाला २६-० असे हरविले. पुढे तोही नौदलात गेला आणि इंग्लिश खाडीत जर्मन पाणबुड्यांच्या मागावर फिरू लागला. संघाचे गुरू फ्रँक लीही हेही नौदलात गेले. इकडे आर्मीने दोन वर्षांत सूड उगवला: १९४४ मध्ये ५९-०, १९४५ मध्ये ४८-०. पराभव कसला, ती धूळधाणच होती.

युद्ध संपले, मंडळी परतली. आर्मीचा संघ तोवर ओळीने पंचवीस सामने जिंकून बसला होता. त्याचे डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस हे दोन धावपटू देशभर गाजत होते. मैदानावर सुमारे चौऱ्याहत्तर हजार प्रेक्षक जमले. लुजॅकचा हिशेब चुकता होणार, असे त्याच्या चाहत्यांना वाटत होते.

पण त्या दिवशी लुजॅकचे काही जमेना. त्याने फेकलेले तीन चेंडू आर्मीच्या आर्नल्ड टकर या क्वार्टरबॅकनेच मध्ये झेलले. आणि मग ब्लँचर्ड चेंडू घेऊन मोकळा सुटला. कडेकडेने धावणारा तो धिप्पाड गडी आणि गोलरेषा यांच्यामध्ये एकटा लुजॅक उरला. तो चुकला असता तर सगळेच संपले असते. त्याने झेप घेतली, ब्लँचर्डचे पाय धरले, आणि तो पर्वत कोसळला. नोटर डेमही एकदा गोलरेषेपासून चार पावलांवर येऊन रिकाम्या हाताने परतले. सामना सुटला तो ०-० असा.

त्या वर्षी दोन्ही संघ पुढे कोणाकडूनही हरले नाहीत. हंगामाअखेर पत्रकारांच्या कौलात पहिला मान नोटर डेमला मिळाला. १९४७ मध्ये त्यांनी नऊपैकी नऊ सामने जिंकले आणि लुजॅकला हाइझमन करंडक मिळाला. त्याच्यामागून फ्रँक ट्रिपुका आणि बॉब विल्यम्स यांनी ही परंपरा चालविली. ऑक्टोबर १९५० मध्ये परड्यू विद्यापीठाने २८-१४ असे हरवीपर्यंत नोटर डेम सलग एकोणचाळीस सामने अपराजित राहिले. त्यांत बरोबऱ्या दोनच. पहिली ही, दुसरी १९४८ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाशी, १४-१४.

लुजॅकला अठ्ठ्याण्णव वर्षांचे दीर्घायुष्य लाभले. २०२३ मध्ये तो वारला. त्याची आठवण निघाली, की फेकीच्या या उस्तादाच्या फेकींआधी लोक त्या पकडीविषयी बोलत. गंमत पाहा: त्या दिवशी आपल्या मुख्य कामात तो फसलाच होता. त्याचे तीन चेंडू शत्रूच्या हाती गेले, हे कोणी नाकारीत नाही. पण तेवढ्याने खचून तो बचावात ढिला पडला असता, तर चार वर्षांची ती अजिंक्य मालिका पहिल्याच वर्षी तुटली असती. गुणफलकावर त्या पकडीसाठी रकाना नव्हता. आपल्या घरोघरच्या प्रगतिपुस्तकांतही तो नसतो.