नवापूरचा तांदूळ : महाविद्यालयीन ग्रंथालय आणि स्थानिक इतिहासाची साधने

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. साधने दूर आहेत, ती पुण्यामुंबईच्या दप्तरखान्यांत पडून आहेत, आणि जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पाठ्यपुस्तकांपलीकडे काही लागत नाही, असे तिचे स्वरूप असते. नंदुरबार जिल्ह्याच्या बाबतीत या तक्रारीला काही आधार आहे. पेशवे दप्तर पुण्यास आहे, राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रह धुळ्यास आहे, आणि इंग्रजी अमदानीतील महसुली पत्रव्यवहाराचा मोठा भाग मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. तथापि ही तक्रार अर्धीच खरी होय. अस्सल कागद दूर असले, तरी संशोधनाचा आरंभ त्यांच्यापासून होत नाही. तो प्रश्नापासून होतो. आणि प्रश्न निर्माण करण्यास व तो योग्य रीतीने मांडण्यास लागणारे ग्रंथ एखाद्या साधारण महाविद्यालयीन ग्रंथालयातही आढळतात, किंवा अल्प प्रयासाने तेथे आणता येतात. एका लहानशा उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल.

ज्याँ बाप्तिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला, आणि व्हॅलेंटाइन बॉल याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८८९ साली निघाले. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाणाऱ्या वाटेचे वर्णन करताना ताव्हेर्निये नवापूर या गावाची नोंद करतो. गावात विणकरांची वस्ती मोठी असली तरी मुख्य व्यापार तांदळाचा आहे, असे तो सांगतो. हा तांदूळ आकाराने सामान्य तांदळाच्या निम्मा असतो, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा होतो, त्याला कस्तुरीचा सुवास येतो, थोर लोक तो आवडीने खातात आणि इराणातही तो भेट म्हणून पाठविला जातो, असा त्याच्या वर्णनाचा आशय आहे.

आता या एका परिच्छेदातून किती प्रश्न उपस्थित होतात ते पाहावे. हे नवापूर तेच काय? तो तांदूळ कोण पिकवीत असे? त्याची किंमत कोणाच्या पदरी पडत असे? पुढे त्या पिकाचे काय झाले? यांपैकी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर निराळ्या प्रकारच्या साधनांत शोधावे लागते, आणि कोणत्या प्रश्नाला कोणते साधन लागते हे कळणे हीच ग्रंथालयाच्या उपयोगाची पहिली पायरी होय.

पहिला प्रश्न स्थळनिश्चितीचा आहे. नवापूर, नवापुरा ही नावे अनेक ठिकाणी आढळतात. केवळ नामसाम्यावर विसंबणे धोक्याचे असते. परंतु ताव्हेर्निये मुक्कामांचा क्रम देतो. सुरत सोडल्यावर बारडोली, वालोड, मग नवापूर व त्यानंतर नंदुरबार, असा तो क्रम लागतो, आणि नकाशावर तो आजच्या नवापुराशी जुळतो. या मार्गाला दुसराही आधार सापडतो. इ. स. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता दौलताबादेहून खंबायताकडे जाताना नंदुरबारास आला होता, आणि तेथे मराठ्यांची वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तापीच्या खोऱ्यातून समुद्राकडे उतरणारी ही वाट पुष्कळ जुनी आहे, एवढे या दोन ग्रंथांवरून निश्चित म्हणता येते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आलेल्या तापी खोऱ्यातील लोहमार्गाने हीच नंदुरबार-नवापूर-सुरत दिशा धरली. याच्याही मागे जावयाचे झाल्यास तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल पाहावा. त्यावरून या खोऱ्यातील वस्ती ताम्रपाषाण युगापर्यंत मागे जाते.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. तो ज्याला नंदुरबार जिल्हा म्हणतो, त्या नावाचा जिल्हा १ जुलै १९९८ पूर्वी अस्तित्वात नव्हता. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरीत नंदुरबार हे सरकार माळवा सुभ्यात घातलेले आहे; खानदेशच्या सुभ्यात ते शोधणाऱ्याची निराशा होईल. इंग्रजी अमदानीत हा मुलूख खानदेश जिल्ह्यात आला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाग झाले, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर पश्चिम खानदेशास धुळे जिल्हा हे नाव मिळाले. नवापूरचा भाग तर पूर्वी पिंपळनेर तालुक्यात मोडत असे, आणि त्या तालुक्याचा पुढे साक्री तालुका झाला. १९६० च्या राज्यविभाजनात पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातेत गेली. एके काळी तळोदे तालुक्यातील ठाणे असलेले कुकरमुंडे आज राज्याच्या सीमेपलीकडे आहे. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा तर एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे.

या सीमाबदलांचा परिणाम संशोधनावर थेट होतो. १८८१, १८९१ व १९०१ च्या खानेसुमारीतील खानदेशाचे आकडे १९५१ च्या पश्चिम खानदेशाच्या आकड्यांशेजारी मांडून वाढ किंवा घट काढणे ही उघड चूक होय. तुलना करावयाची तर ती तालुकावार, आणि शक्य असेल तेथे गाववार केली पाहिजे. १९५१ च्या खानेसुमारीपासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या जिल्हावार पुस्तिका या कामी उपयोगी पडतात. नंदुरबारची स्वतंत्र पुस्तिका मात्र २००१ च्या खानेसुमारीपासूनच मिळते; त्यापूर्वीची माहिती धुळे व पश्चिम खानदेश या नावांखाली पाहावी लागते. तालिकेत केवळ ‘नंदुरबार’ हा शब्द शोधून जो विद्यार्थी परत फिरतो, त्याला ग्रंथालयात साधने नाहीत असे वाटते. वस्तुतः ती दुसऱ्या नावाने शेजारच्याच फडताळात उभी असतात. पिकाच्या बाबतीत तर प्रशासकीय सीमा आणखीच निरुपयोगी ठरतात. भाताचा पट्टा नवापूरपाशी थांबत नाही, तो सोनगड-व्यारा या जुन्या गायकवाडी मुलखात उतरतो. म्हणून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड, म्हणजे १८८० चा, वाचताना बडोद्यावरील १८८३ चा सातवा खंड आणि सुरतेसंबंधीचा १८७७ चा दुसरा खंड हेही सोबत पाहिले पाहिजेत.

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली तयार झालेला खानदेशचा हा गॅझेटियर या भागाच्या अभ्यासकांचा सर्वांत मोठा आधार आहे, आणि सर्वांत मोठा धोकाही तोच आहे. जमीन, पिके, बाजार, रस्ते, जाती-जमाती, स्थलवर्णन अशी त्याची प्रकरणे माहितीने खच्चून भरलेली आहेत. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड संगणकावर उपलब्ध करून दिल्यापासून ते दुर्मिळही राहिलेले नाहीत. परंतु हा ग्रंथ महसूल वसूल करणाऱ्या व बंदोबस्त राखणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी सिद्ध झाला होता. १८१८ नंतर खानदेशात इंग्रजी सत्ता आली, तेव्हा भिल्लांचा बंदोबस्त हाच तिच्यापुढील मुख्य प्रश्न होता. १८२५ साली तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, त्यांपैकी वायव्येकडील एजन्सीच्या कक्षेत नंदुरबार-सुलतानपूरचा मुलूख आला. त्याच वर्षी जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. कॅप्टन ग्रॅहम याचा भिल्लांविषयीचा वृत्तान्त १८५६ साली मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या मालेत छापला गेला, तोही याच दृष्टीचा आहे. अशा लेखनात भिल्ल हा प्रथम बंदोबस्ताचा विषय म्हणून येतो, शेतकरी म्हणून उशिरा व संक्षेपाने येतो. स्वभाव, व्यसने, आळस यांविषयीची त्यातील विधाने प्रबंधामागून प्रबंधांत वस्तुस्थिती म्हणून उतरविली गेली, तर तो इतिहास न होता जुन्या कचेरीच्या शेऱ्याची नक्कल होते.

म्हणून टिपणे काढण्याची शिस्त महत्त्वाची आहे. प्रत्येक टिपणपत्रावर ग्रंथ, आवृत्ती व पृष्ठ यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत : हे कोणी लिहिले आणि कोणासाठी लिहिले. ताव्हेर्नियेच्या परिच्छेदाला ही कसोटी लावली म्हणजे त्याचे मर्म कळते. तो व्यापारी आहे. कोणता माल कोठे मिळतो आणि कोठे खपतो हे तो नेमके सांगतो. तांदळाचा वास त्याला आठवतो, खाणारे थोर लोक आठवतात, इराणला जाणारी भेट आठवते. पिकविणाऱ्याचा मात्र त्यात उल्लेख नाही. दोनशे वर्षांनंतरचा गॅझेटियर पिकविणाऱ्याचा उल्लेख करतो, तोही जमातीच्या वर्णनात. पिकाच्या प्रकरणाशी त्याचा दुवा विद्यार्थ्यालाच जोडावा लागतो. पेशवाईतील परगणेवार हिशेबांतून वसुलाचे चित्र मिळू शकेल. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ निवडक खंड हाती घेऊन त्या दप्तराची ओळख ग्रंथालयातच करून घेता येते, आणि मगच पुण्यास जाणे फलदायी होते. पूर्वतयारीवाचून दप्तरखान्यात गेलेला विद्यार्थी मोडीच्या रुमालांपुढे केवळ गोंधळून परततो.

पिकविणाऱ्याचा शोध घेताना आणखी एक ग्रंथ अनपेक्षितपणे साहाय्यास येतो. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ल बोलींचा व खानदेशीचा विचार आहे. मावची, पावरी, कोकणी या बोलींचे नमुनेही आहेत. इतिहासाचा विद्यार्थी बहुधा हा खंड उघडीत नाही. पण नवापूरच्या परिसरात मावची बोलणाऱ्यांच्या पूर्वजांनी हे भात लावले असणे संभवनीय असेल, तर त्यांच्या बोलीचा हा लिखित पुरावा दुर्लक्षून चालणार नाही. त्या पुराव्याची मर्यादाही तितकीच बोलकी आहे. सर्वेक्षणातील ठरावीक नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे भाषांतर होय. त्यावरून व्याकरण कळते. परंतु भाताच्या जाती, खाचरे, लावणी, मळणी, देवाला दाखवावयाचा नवा भात यांविषयीची शब्दसंपत्ती त्यात असण्याचे कारण नाही.

येथे छापील साधन संपते, आणि येथेच नंदुरबारच्या विद्यार्थ्याचा अधिकार सुरू होतो. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. महाविद्यालयात येणाऱ्या अनेकांच्या घरी मावची, पावरी, भिलोरी किंवा देहवाली बोलली जाते. भाताच्या जुन्या जातींची नावे आजीला विचारण्यासाठी त्यांना दुभाषी लागत नाही. पॅरिसच्या जवाहिऱ्याला, इलाख्याच्या संपादकाला आणि भाषा-सर्वेक्षकालाही जे साधले नाही, ते या विद्यार्थ्याला एका सुटीत साधू शकते. मात्र त्यासाठी त्याने आधी ग्रंथालयात बसून काय विचारावयाचे हे ठरविलेले असले पाहिजे. १८९९-१९०० च्या दुष्काळात बियाणे टिकले काय, राखीव जंगलांच्या हद्दी पडल्यावर कोणती खाचरे गेली, सुवासिक भाताची जागा कोणत्या भाताने घेतली, हे प्रश्न वाचनातून उद्भवतात. वाचनावाचून केलेली मुलाखत गप्पांच्या पलीकडे क्वचितच जाते.

अशा रीतीने जमविलेले टिपण पुढे कोठे जाते, हा प्रश्न ग्रंथालयाशी निगडित आहे. बहुधा ते प्रकल्पवहीत बांधले जाते, गुण मिळतात आणि वही रद्दीत जाते. विद्यापीठाला सादर झालेले पीएच. डी.चे प्रबंध आता शोधगंगेच्या संगणकीय भांडारात जतन होतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील संशोधकांनाही तो लाभ आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची लहान टिपणे मात्र त्या भांडारापर्यंत पोचत नाहीत. ती सांभाळण्याचे काम महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचेच आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक स्वतंत्र स्थानिक संग्रह, त्याची दाखल नोंदवही, आणि प्रत्येक मुलाखतीबरोबर गाव, दिनांक, बोली, सांगणाऱ्याचे वय व त्याची संमती यांची नोंद, एवढ्यावर आरंभ करता येतो. शहाद्याच्या परिसरात १९७२ साली स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेसारख्या चळवळींची पत्रके, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, आठवडी बाजारांच्या जाहिराती, जुन्या सातबारांच्या नकला यांनाही तेथे जागा असावी. ज्या कागदाला आज ग्रंथ म्हणता येत नाही, तोच उद्याच्या अभ्यासकाचे साधन होतो.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत ग्रंथालय ही वाढती जिवंत संस्था मानलेली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी या नियमाचा अर्थ केवळ नवी पुस्तके विकत घेणे एवढाच होत नाही. आपल्या परिसराविषयी ग्रंथालयाने स्वतः साधने निर्माण करणे हाही त्या वाढीचाच भाग होय. ताव्हेर्नियेचा ग्रंथ साडेतीनशे वर्षे टिकला आणि पुढेही टिकेल. त्याच्या प्रती जगभर आहेत. त्या सुवासिक भाताचे मावचीतील नाव जर कोणाला आठवत असेल, तर ते नवापूर तालुक्यातील काही वृद्धांनाच आठवत असेल, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. कोणते साधन आधी जमवावे याचा निर्णय करताना हा फरक अभ्यासकांनी व ग्रंथपालांनी सारखाच ध्यानी घेतला पाहिजे.