सुईची साक्ष

कलकत्त्यातील वैद्यकाचा इतिहास सांगू लागले की मधुसूदन गुप्तांनी १८३६ साली केलेल्या शवविच्छेदनाची कथा प्रथम येते. ती थोर खरीच. पण तीत गौरव आहे तो सुरीचा. आम्हांस येथे सुईविषयी लिहावयाचे आहे.

१९०३ साली मद्रासेस डोनोव्हनने जिवंत रोग्याच्या पाणथरीत सुई घालून काळ्या आजाराचा जंतू पाहिला. पुढच्याच वर्षी लिओनार्ड रॉजर्सने कलकत्त्यात पाणथरीतील रक्त घेऊन तो जंतू प्रयोगशाळेत वाढविला. शरीर न उघडता आतली साक्ष बाहेर आणण्याची ही रीत गाठींच्या बाबतीत रूढ होण्यास मात्र बराच अवधी लागला. १९३० साली न्यूयॉर्कच्या मार्टिन व एलिस यांनी ती मांडली आणि पुढे स्वीडनमधील वैद्यांनी बारीक सुई वापरून तिला प्रतिष्ठा दिली.

मज्जातंतूच्या आवरणातून उठणारी दुर्मिळ गाठ या सुईची परीक्षाच घेते. मानेच्या मुळाशी ती हातास लसिकाग्रंथीसारखी लागते. सुई टोचताच बोटांपर्यंत झिणझिण्या धावल्या, तर निदानाची वाट तेथेच दिसू लागते. पिचकारीत पेशी थोड्याच येतात; चातीसारख्या निमुळत्या, परस्परांस बिलगलेल्या. व्हेरोकेने १९१० साली वर्णिलेल्या, कुडाच्या मेढींसारख्या केंद्रकांच्या रांगा काचपट्टीवर दिसल्या, तर गाठ बहुधा श्वानोमा, म्हणजे सौम्य. (श्वान हे एका जर्मन शास्त्रज्ञाचे नाव, कुत्र्याशी त्याचा काही संबंध नाही.)

असली गाठ तंतूंना बाजूस सारून वाढते. जाणता शल्यविशारद ती सोलून काढतो आणि मज्जातंतू राखतो. तीच लसिकाग्रंथी समजून कापली, तर लेखणी धरणारा हात कायमचा लुळा पडू शकतो.

बंगालमध्ये आणखी एक पेच आहे. कुष्ठरोगातही मज्जातंतू सुजतो. त्या रोगाचे संशोधन अर्नेस्ट म्यूर यांनी येथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये चालविले. मुंबईस आपल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कुष्ठग्रस्त मज्जातंतूंचा सूक्ष्मदर्शकाखाली कसून अभ्यास केला. सुईतून कुष्ठजंतू निघाले, तर बहुधा सुरीचे काम उरत नाही; औषध पुरते.

घातक गाठीपुढे मात्र सुई बहुधा थबकते. तिचे मूळ कोठले, हे थोड्या पेशींवरून सांगता येत नाही. अशा वेळी प्रामाणिक विकृतिशास्त्रज्ञ अहवालात एवढेच लिहितो: चातीपेशींची गाठ, संशयास्पद, तुकडा पाठवावा.