नकाशातील पायरी

मुंबई इलाख्यात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमाबंदीची जी मोजणी चालविली, तिच्या तेहतीस फुटी साखळीने शेताचा बांध न् बांध कागदावर उतरला. परंतु तो नकाशा महसुलासाठी होता, आणि पायरीवर सारा बसत नसल्यामुळे दप्तरात तिची नोंद होण्याचे प्रयोजनच नव्हते.

२००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी आरंभिलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागी नकाशाने मात्र पायऱ्यांना स्वतंत्र मार्गाचा दर्जा दिला. रेषा ओढली त्या दिशेने चढ आहे की उतार, पायऱ्या किती, कठडा आहे काय, आणि सरकता जिना असल्यास तो कोणत्या बाजूस वाहतो, हे सारे तीत नोंदविता येते. रेषेची दिशा उलटली, की वर नेणारा जिना नकाशात खाली नेऊ लागतो.

एकेकाळी भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी असलेल्या अक्कलकोटात, जेथे स्वामी समर्थांनी १८७८ साली समाधी घेतली आणि जेथे वृद्ध व पंगू भाविकांचीही रीघ अखंड असते, तेथे अशी नोंद मला अत्यंत मोलाची वाटते; कारण चाकाच्या खुर्चीस दोन पायऱ्या म्हणजे बंद रस्ताच. पायऱ्यांच्या कडेला उतार बांधलेला असेल, तर तोही त्याच रेषेवर दाखविण्याची तजवीज या नकाशात आहे.