गोव्यातील ग्रामीण भू-रूपांतराचा वाद

गोवा राज्यातील ग्रामपंचायत क्षेत्रांतल्या भातशेती, खाजन, बागायत आणि डोंगरउतारांचे प्रादेशिक आराखड्यातील वर्गीकरण बदलून त्यांचा समावेश वसाहत विभागात, म्हणजे बोलीभाषेत ‘सेटलमेंट झोन’मध्ये करण्यावरून चालत आलेला सार्वजनिक व न्यायालयीन वाद ‘भू-रूपांतराचा वाद’ म्हणून ओळखला जातो. २००६ साली अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’मुळे त्याला राज्यव्यापी रूप आले. त्यानंतर आराखडा रद्द होणे, नवा होणे, स्थगित होणे आणि कायद्यात नवी कलमे येणे अशी वळणे घेत तो चालू राहिला. वरवर पाहता हा शेती की इमारती असा प्रश्न आहे. तथापि जमिनीचा वापर कोणी ठरवायचा, गावाने, राज्याच्या नगरनियोजन खात्याने की जमीनमालकाच्या अर्जाने, हा त्याचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. आहे. पूर्वेकडील सह्याद्रीचा मोठा भाग जंगले व अभयारण्यांनी व्यापलेला असल्याने बांधकामाचा दाब मुख्यतः किनारपट्टीवर आणि नद्यांच्या खोऱ्यांतील सखल गावांवर येतो. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती व तिच्यापैकी ६२ टक्क्यांहून अधिक लोक नागरी भागात राहत होते. या ‘नागरी’ भागातील बरीच वस्ती जनगणनेपुरती शहरी आहे. कळंगुट किंवा कांदोळी यांसारखी गावे रूपाने शहर झाली असली तरी त्यांचा कारभार ग्रामपंचायतच पाहते. पुढील वादातील अनेक गुंतागुंती याच विसंगतीतून निर्माण झाल्या आहेत.

वादातील सर्वांत नाजूक जमीन खाजनाची. मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या भरतीच्या पाण्याला बांध घालून आणि ‘मानस’ नावाच्या लाकडी झडपांच्या दारांनी ते पाणी आत-बाहेर सोडून शतकानुशतके ही शेती केली जाते. भात, मीठ आणि मासळी अशी तिन्ही उत्पन्ने तीतून मिळतात. पूर्वी बांधांची निगा गावकऱ्यांची सामूहिक संस्था, म्हणजे गावकरी किंवा पोर्तुगीज काळापासून कोमुनिदाद, पाहत असे. १९६४ चा कृषी कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणारी कुळे मालक झाली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. पण बांधांची सामूहिक जबाबदारी त्यानंतर तितक्या नेटाने कोणी उचलली नाही. खाजनाचा एक तुकडा भराव घालून उंचावला की शेजारच्या शेतातील पाण्याचा निचरा अडतो आणि तेही पडीक होऊ लागते. त्यामुळे एका सर्व्हे क्रमांकाचे रूपांतर त्या एका क्रमांकापुरते राहत नाही, असा या जमिनींचा स्वभाव आहे.

कुळांकडे आलेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास १९९१ च्या भूवापर नियमन कायद्याने मनाई केली. २०२३ च्या आणखी एका कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर निर्बंध घातले. कागदोपत्री संरक्षण अशा रीतीने कमी नाही.

परवानग्यांची साखळी

हा वाद समजण्यासाठी शेतजमिनीवर इमारत उभी राहण्यापूर्वी कोणकोणत्या कचेऱ्यांतून कागद फिरतो हे पाहणे आवश्यक आहे. मूळ कायदा ‘गोवा, दमण व दीव नगर व ग्रामनियोजन कायदा, १९७४’ हा आहे. त्याखाली संपूर्ण राज्यासाठी प्रादेशिक आराखडा तयार होतो आणि त्यात प्रत्येक भूखंड वसाहत, औद्योगिक, बागायत, भातशेती, वन अशा कुठल्या ना कुठल्या विभागात दाखवलेला असतो. शहरे व काही निवडक क्षेत्रांसाठी नियोजन व विकास प्राधिकरणे (पीडीए) वेगळे बाह्यविकास आराखडे (ओडीपी) करतात.

आराखड्यात जमीन वसाहत विभागात असेल तर मालक १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली बिगरशेती वापराची सनद मागतो. नंतर नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता घ्यावी लागते. सर्वांत शेवटी प्रकरण बांधकाम परवान्यासाठी ग्रामपंचायतीकडे येते. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली हा परवाना देण्याचा अधिकार पंचायतीला आहे. तिने नकार दिला किंवा मुदतीत निर्णय केला नाही, तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपील करू शकतो.

पंचायत या साखळीच्या अगदी शेवटी आहे. कागद तिच्याकडे येईपर्यंत विभाग ठरलेला असतो, सनद मिळालेली असते आणि खात्याची मान्यताही झालेली असते. अशा वेळी ग्रामसभेने कितीही एकमुखी ठराव केला तरी नगरनियोजन खात्यावर तो बंधनकारक नसतो, आणि केवळ ठरावाच्या आधारे परवाना नाकारलेले पंचायत मंडळ अपिलात अडचणीत येते. गोव्यातील ग्रामसभा बहुधा रविवारी भरतात. मोठ्या गृहप्रकल्पांवरून त्या वादळी होण्याचे एक कारण हेच आहे की, लोकांना बोलायची संधी मिळते ती निर्णय झाल्यावर.

पंचायतीही नेहमी एका बाजूला नसतात. घरपट्टी व बांधकाम परवाना शुल्क ही त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाची महत्त्वाची साधने आहेत, तर कचरा, सांडपाणी आणि पाणीटंचाईचा बोजाही त्यांच्याच माथी येतो. एकाच गावात पंच मंडळ प्रकल्पाला अनुकूल आणि ग्रामसभा विरोधात, असे चित्र अनेकदा दिसते.

घटनात्मक बाजूही येथे महत्त्वाची आहे. १९७४ चा कायदा ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीपूर्वीचा आहे. या दुरुस्त्यांनी पंचायतींना आर्थिक विकासाच्या नियोजनाचे काम सोपवण्याची आणि अनुच्छेद २४३झेडडी खाली जिल्हा नियोजन समित्यांची तरतूद केली. नियोजन गावाकडून वर जावे, ही त्यामागील कल्पना. नगरनियोजन कायद्याची रचना मात्र वरून खाली येणारी आहे.

प्रादेशिक आराखडा २०११

राज्याचा पहिला प्रादेशिक आराखडा १९८६ साली अधिसूचित झाला. तो २००१ सालापर्यंतच्या नियोजनासाठी होता. त्याच्या जागी ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित करण्यात आला. तेव्हा प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री आणि बाबूश मोन्सेरात नगरनियोजनमंत्री होते. नकाशे लोकांच्या हाती पडल्यावर वनाच्छादित उतार, बागायती आणि शेते वसाहत विभागात रंगवलेली आढळली. गावोगावी आपल्या गावाचा नकाशा काढून सर्व्हे क्रमांक जुळवण्याचे काम सुरू झाले. यापूर्वी केवळ तज्ज्ञांच्या टेबलावर असणारा हा कागद सामान्य लोकांनी वाचायला घेतला, हे या आंदोलनाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

डिसेंबर २००६ मध्ये विविध संघटना व नागरिकांनी एकत्र येऊन ‘गोवा बचाव अभियान’ स्थापन केले. डॉ. ऑस्कर रिबेलो हे त्याचे निमंत्रक होते. त्याच महिन्यात पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली. दबाव वाढत गेल्यावर जानेवारी २००७ च्या अखेरीस सरकारने आराखडा मागे घेण्याची घोषणा केली व जुना २००१ चा आराखडा पुन्हा लागू झाला. अधिसूचित झालेला संपूर्ण राज्याचा आराखडा लोकचळवळीमुळे मागे घेतला जाण्याचे हे विरळा उदाहरण आहे.

प्रादेशिक आराखडा २०२१

नव्या आराखड्यासाठी सरकारने कृती दल नेमले. प्रख्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. नगरनियोजनकार एडगर रिबेरो व वास्तुविशारद डीन डिक्रूझ हेही त्याचे सदस्य होते. दिगंबर कामत मुख्यमंत्री असताना २००८ मध्ये मसुदा सादर झाला. यावेळी क्रम बदलण्यात आला. गावनिहाय नकाशे पंचायतींना पाठवून ग्रामसभा व गावपातळीवरील समित्यांकडून सूचना मागवण्यात आल्या.

आराखड्याने जमिनींची विभागणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील अशा दोन विभागांत आणि वसाहत क्षेत्रांत केली. ‘इको-१’ मध्ये जंगले, जलाशय, खाजन, भातशेती, खारफुटी व तीव्र उतार, तर ‘इको-२’ मध्ये बागायती, मिठागरे व लागवडीयोग्य अन्य जमिनी येतात. गावांचेही दोन वर्ग पाडून कमी व अधिक बांधकामक्षमता ठरवण्यात आली.

२०१० ते २०११ या काळात तालुकावार अंतिम नकाशे अधिसूचित झाले आणि नव्याने तक्रारी सुरू झाल्या. ग्रामसभेने सुचवलेले बदल अंतिम नकाशात दिसत नाहीत, आपले गाव वरच्या वर्गात टाकले, रस्त्यांच्या रुंदी अवाजवी दाखवल्या, असे आक्षेप अनेक गावांनी घेतले. विचारणे आणि ऐकणे यांतील अंतर येथे स्पष्ट झाले: सूचना मागवण्याची सोय होती, पण ती फेटाळताना गावाला कारण कळवण्याचे बंधन नव्हते. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने २०१२ मध्ये आराखडा स्थगित केला. तो पुन्हा अमलात आणण्याची पावले २०१८ मध्ये पडली. मधल्या काळात गावांनी कष्टाने केलेले नकाशे कपाटात राहिले.

भूखंडनिहाय बदल

२०१८ नंतर वादाचे स्वरूप बदलले. आता प्रश्न आराखड्याचा उरला नाही, तर आराखड्यातील एकेका भूखंडाचा झाला. नगरनियोजनमंत्री विजय सरदेसाई यांच्या काळात कायद्यात कलम १६ब घालण्यात आले. त्याखाली कोणीही मालक शुल्क भरून आपल्या जमिनीचा विभाग बदलून मागू शकत होता. त्याला गोवा फाउंडेशन आदी संस्थांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले व अंमलबजावणी रेंगाळली. हे कलम पुढे रद्द करण्यात आले.

त्याऐवजी विश्वजित राणे नगरनियोजनमंत्री असताना २०२३ मध्ये कलम १७(२) आले. आराखड्यात ‘अनवधानाने राहिलेल्या चुका’ किंवा ‘विसंगत विभागरचना’ दुरुस्त करण्याचा अधिकार त्याने मुख्य नगरनियोजकांना, सरकारच्या मान्यतेने, दिला. या प्रक्रियेत आधी जाहीर सूचना देऊन हरकती मागवण्याची तरतूदच नव्हती. शेजाऱ्याला किंवा पंचायतीला बदल कळायचा तो राजपत्रातून.

कलमाच्या समर्थकांचा मुद्दा निराधार नव्हता. राज्यभराचा आराखडा करताना चुका होतातच. पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले घर शेतजमिनीत दाखवले गेले, वाड्याच्या मधोमध एक भूखंड बागायत राहिला, अशा तक्रारी खऱ्या आहेत, आणि अशा कुटुंबांना घराची दुरुस्ती वा वाढ करताना अडथळे येतात. तुकड्यांची शेती, मजुरांचा तुटवडा आणि फुटके बांध यांमुळे शेत पडीक ठेवावे लागणाऱ्या मालकाला ‘हरित पट्टा राखा’ हा उपदेश एकतर्फी वाटणे स्वाभाविक आहे. विरोधकांचे उत्तर असे की, खऱ्या चुकांची यादी गावागावांतून एकदाच व उघडपणे करता येते. मालकाने अर्ज केला म्हणून मोठमोठे भूखंड ‘चूक’ ठरवणे हे दुरुस्तीच्या नावाखाली रूपांतरच होय.

१३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान व खाजन सोसायटी यांच्या याचिकांवर निर्णय देताना, कलम १७(२) चा अर्थ संकुचित केला आणि त्याखालील २०२३ चे नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्दबातल ठरवली. सर्वेक्षण, मसुदा, जाहीर सूचना आणि हरकती अशा टप्प्यांतून झालेला आराखडा वैयक्तिक अर्जांवरून तुकड्यातुकड्याने बदलणे मूळ कायद्याच्या रचनेशी सुसंगत नाही, असा या निर्णयाचा रोख आहे. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

दरम्यान २०२४ मध्ये कलम ३९अ लागू झाले होते. हे प्रादेशिक आराखडा व बाह्यविकास आराखडा या दोहोंतील विभाग बदलासाठी आहे. त्यात किमान ३० दिवसांची जाहीर सूचना देऊन हरकती मागवल्या जातात आणि नंतर नगरनियोजन मंडळासमोर प्रस्ताव जातो. कलम १७(२) च्या तुलनेत ही सुधारणा असली तरी एकल भूखंडाच्या बदलाचे तत्त्व कायम आहे, आणि सूचनेची मुदत दोन नियमित ग्रामसभांमधील अंतरापेक्षा कमी असल्याने खास सभा बोलावल्याशिवाय गावाला सामूहिक मत नोंदवणे कठीण जाते. या कलमालाही उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

विभाग न बदलता होणारे रूपांतर

वादाची एक बाजू कमी चर्चेत येते. बागायत विभागात किमान ४,००० चौ. मी. जमीन असल्यास शेतघर बांधता येते. शेतीच्या सोयीसाठीची ही सवलत दुसऱ्या घराच्या शोधात असणाऱ्यांनाही उपयोगी पडते. याउलट २०१६ च्या अनधिकृत बांधकाम नियमितीकरण कायद्याने आधीच उभ्या असलेल्या बांधकामांना नियमित होण्याचा मार्ग दिला. पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून वापरात आल्यानंतर आजवर शेती व काजूबागांवर अवलंबून असलेल्या गावांतही जमिनीच्या मागणीचा प्रश्न पोहोचला आहे. तेथील ग्रामसभांत पूर्वी बार्देश व सासष्टीत होत असलेली चर्चा आता ऐकू येते.

गावांच्या मागण्यांमध्ये दोन गोष्टी सातत्याने आढळतात. विभाग बदलाचा प्रत्येक अर्ज मान्यतेपूर्वी संबंधित ग्रामसभेसमोर ठेवावा, ही पहिली. दुसरी अशी की, एक-चौदाच्या उताऱ्यावर भातशेती म्हणून नोंद असलेल्या जमिनीचा विभाग कोणत्याही कलमाखाली बदलता येऊ नये.