पूजेतील फुलांचा गंध (जुन्नर-आंबेगाव)

पूजेतील फुलांचा गंध : पूजेच्या फुलांच्या वासाने मन निवते, हा समज जुना आहे. गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य या पंचोपचारांतले पहिले तीन तर सरळ नाकाशी बांधलेले. तरी हुंगलेले फूल देवाला चालत नाही. माणसाच्या वाट्याला येतो तो हारातून सुटलेला, प्रसादाच्या फुलातून उरलेला वास.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नहर हे दोन अष्टविनायक जुन्नर तालुक्यात आहेत. गंमत अशी, की गणपतीचे लाडके जास्वंद जवळजवळ बिनवासाचे. भाद्रपदात गौर म्हणून घरात आणतात तो तेरडाही तसाच. उलट घमघमणारी केतकी शंकराला वर्ज्य. घोडेगाव-डिंभ्यावरून भीमाशंकराला जाणारे आंबेगावकर बेल नेतात. म्हणजे देवाचे फूल ठरवताना सुवासाला कुणी फारसे विचारलेले दिसत नाही. गाभाऱ्यात दरवळतात ते झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि त्यांच्यावर मात करणारे धूप-कापूर. नारायणगाव-मंचर पट्ट्यात दसरा-दिवाळी धरून झेंडू-शेवंती लावतात. यांपैकी झेंडू आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोचे; तिकडेही मृतांच्या स्मरणदिनी झेंडूच वाहतात.

मग फुलांच्या वासाने मन निवते ते कशाने? मोगऱ्याच्या वासात लिनालूल हे द्रव्य असते. जपानच्या कागोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये ते उंदरांना हुंगवले, तेव्हा त्यांची भीती कमी झाली. वासाची जाणीव नष्ट केलेल्या उंदरांवर मात्र परिणाम झाला नाही. याचा अर्थ, काम फुप्फुसातून रक्तात उतरलेले द्रव्य करत नाही, नाक करते. नाकातून निघालेला संदेश भावना व स्मृती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने पोचतो. म्हणून लहानपणीच्या दसऱ्याचे तोरण झेंडूच्या एका वासाने आठवते. झेंडूचा स्वतःचा वास तसा उग्रच. त्याने शांत वाटत असेल, तर श्रेय द्रव्यापेक्षा आठवणीला द्यावे लागेल.

उंदरांना शुद्ध लिनालूल दिले होते. देवळात वास एकटा कधीच येत नाही. लेण्याद्रीचे देऊळ म्हणजे मूळचा बौद्ध विहार, लेणे क्रमांक 7 : मध्ये एकही खांब नसलेले सभागृह, भोवती भिक्षूंच्या 20 खोल्या. सुमारे 300 पायऱ्या चढून आलेला माणूस गार दगडाच्या सावलीत टेकतो, धाप बसते, श्वास लांबतो. त्याच वेळी हाराचा वास नाकात शिरतो.