गाडीतलं कूलंट सारखं कमी होतंय? गळती नेमकी कुठे लपते आणि ती कशी शोधायची?

मे महिन्यातली दुपार, कसारा घाट. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी आणि हातात पाण्याची बाटली घेतलेला चालक. हे दृश्य अनेकांनी पाहिलेलं असेल. अशा गाडीचा त्रास बऱ्याचदा त्याच दिवशी सुरू झालेला नसतो. दोन-तीन महिन्यांपासून टाकीतलं कूलंट कमी होत असतं, मालक दर पंधरा दिवसांनी थोडं भरत असतो आणि 'जुनी गाडी आहे, थोडं पिणारच' अशी स्वतःची समजूत घालत असतो.

पण कूलंट हे पेट्रोलसारखं खर्च होत नाही. इंजिन, रेडिएटर आणि त्यांना जोडणारे होस पाइप अशा बंद मार्गात तेच ते फिरत राहतं. वर्षभरात पातळी किंचित उतरली तर ठीक. महिन्याला अर्धा लिटर लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर जातंय किंवा इंजिनाच्या आत शिरतंय.

गॅरेजमध्ये नेल्यावर गळती दिसत का नाही?

साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. कूलंट आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण साधारण १०७ अंशांना. शिवाय झाकणातली स्प्रिंग आतला दाब वाढू देते, त्यामुळे उकळण्याचा बिंदू सुमारे १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो याच दाबाचा.

अनेक गळत्या फक्त या दाबाखालीच सुरू होतात. गाडी गार झाली की दाब उतरतो, फट मिटते आणि जे थेंब गरम इंजिनावर पडले ते केव्हाच वाळलेले असतात. मेकॅनिक खाली वाकून बघतो, कोरडं दिसतं, 'काही नाही साहेब' म्हणतो. उलट काही जोड गार असतानाच गळतात, कारण थंडीत रबर आकसतं आणि क्लिप सैल पडते.

म्हणून नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. प्रेशर टेस्ट करून घ्यावी. मीटर लावलेला एक छोटा हातपंप झाकणाच्या जागी बसवतात आणि गार इंजिनातच झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरतात. पंधरा-वीस मिनिटांत काटा खाली आला, तर गळती आहे हे नक्की. मग ओल शोधायची. हे न करता अंदाजाने एकेक पार्ट बदलत जाणं सगळ्यात महागात पडतं.

संशयित कोण कोण?

सगळ्यात स्वस्त संशयित म्हणजे ते झाकणच. त्याचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि कूलंट बाहेर फेकलं जातं. अनेक गाड्यांचे रेडिएटर मधे ॲल्युमिनियमचे आणि कडेला प्लॅस्टिकच्या टाक्या, असे असतात. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि जोडावर पांढरट, हिरवट किंवा गुलाबी डाग उमटतात. तिथे एम-सील लावणं म्हणजे फक्त पुढच्या घाटापर्यंतची सोय.

वॉटर पंपाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या 'वॉटर बॉडी'ला, मुद्दाम ठेवलेलं एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतात. ते छिद्र बुजवायचं नसतं, पंप बदलायचा असतो. काही इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टवर चालतो. अशा गाडीत गळती कव्हरआड लपते, म्हणून बेल्ट बदलताना पंपही बदललेला बरा.

पायाशी कार्पेट ओलं असेल, तर ते एसीचं पाणी आहे की कूलंट, हे बघावं. एसीच्या पाण्याला रंग नसतो. कूलंट चिकट लागतं, त्याला गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. तसं असेल तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर गळतोय.

बाहेर कुठेच ओल नसेल, तर शंका हेड गॅस्केटवर जाते. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणं, टाकीत सतत बुडबुडे, ऑइल दुधाळ होणं ही त्याची लक्षणं. इथे चालढकल नको. ॲल्युमिनियमचं हेड जास्त तापलं तर वाकतं, मग हेड उतरवून फेसिंग करावं लागतं आणि बिल झाकणाच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.

दुरुस्ती केली तरी पुन्हा गळती का?

जुन्या गाडीत सगळं रबर आणि प्लॅस्टिक एकाच वयाचं असतं. नवं झाकण बसलं की पूर्ण दाब परत येतो आणि त्यानंतरचा सगळ्यात कमजोर होस फुटतो. दोष मेकॅनिकचा असेलच असं नाही. रेडिएटर बदलतानाच वरचे-खालचे होस आणि क्लिपा बदलून घ्याव्यात. दुसरं कारण बोअरच्या पाण्याचं. त्यातल्या क्षारांनी रेडिएटर आतून चोंदतो आणि धातू गंजतो. कंपनीने सांगितलेलंच कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरावं. गळती बुजवणाऱ्या बाटल्या अडचणीत घरी पोहोचवतील, पण त्याच द्रवाने हीटरच्या बारीक नळ्याही बुजू शकतात.

दुरुस्तीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरली तर घाबरू नये. आत अडकलेली हवा बाहेर पडत असते. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी, गार इंजिनात, टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे का ते बघावं.

वाटेत गाडी तापलीच तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करावा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावं. झाकण किमान अर्धा तास उघडू नये, उकळतं कूलंट उसळून चेहरा भाजतो. काटा खाली आला म्हणून निर्धास्तही होऊ नये. कूलंट पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि चुकीचं तापमान दाखवू शकतो.

आणि काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं.