स्मृतीची पेठ

शहापूरच्या माणसाला पेठ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांच्या अमलाखाली असलेले हे गाव बेळगावच्या इंग्रजी छावणीला खेटून उभे राहिले आणि विणकर, रंगारी, सोनार यांच्या हातांवर मोठे झाले. मागाचा खटका आणि बाजाराचा भाव, या दोन गोष्टी इथल्या पोराला बाराखडीबरोबरच कळतात. सूत महागले तर मालक काय म्हणतो, साडीला उठाव नसला तर मजुरीचे काय होते, हे त्याने घरातच ऐकलेले असते.

म्हणूनच आज एका अगदी परक्या वाटणाऱ्या पेठेची हकिगत इथल्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते. ती पेठ आहे संगणकाच्या स्मृतीची, म्हणजे मेमरी चिपची. नखाएवढा हा तुकडा आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. पण तो बनवणारे जगात किती आणि बाकीचे कुठे गेले, हा इतिहास वाचताना आपल्याच गल्लीतली एखादी गोष्ट वाचतो आहोत असे वाटत राहते.

विणलेली स्मृती

पहिली गंमत अशी की, संगणकाची स्मृती आरंभी खरोखरच विणली जात असे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जेकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून मागावर नक्षी उठवण्याची युक्ती पूर्णत्वास नेली. कोणता धागा उचलायचा आणि कोणता नाही, हे ते भोक सांगे. हो किंवा नाही, एक किंवा शून्य. आपल्या विणकरांना परिचित असलेले हे जेकार्ड म्हणजे संगणकाच्या स्मृतीचे एका अर्थी आजोबाच.

पुढे १९५० नंतरच्या दोन दशकांत संगणकात चुंबकीय कड्यांची स्मृती आली. मोहरीच्या दाण्यासारख्या बारीक कड्या आणि त्यांतून उभ्या-आडव्या ओवलेल्या तारा, असे तिचे रूप. एका कडीत एक आकडा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला आणि १९६० साली पूर्ण झालेला ‘टिफरॅक’ हा संगणक याच प्रकारच्या स्मृतीवर चाले. तिच्यात २०४८ शब्द मावत. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकाची कायम स्मृती तर अमेरिकेतल्या वॉल्थॅम गावी स्त्रियांनी हाताने तारा ओवून तयार केली, आणि त्यांच्यात कापडगिरण्यांत नि घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या अनेकजणी होत्या. बोटांचे कसब तेच, फक्त सुताच्या जागी तांबे आले.

हातमाग गेला, यंत्रमाग आला

या ओवलेल्या स्मृतीचा शेवट एका छोट्या तुकड्याने केला. आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्याने एकाच ट्रान्झिस्टरात एक आकडा साठवण्याची कल्पना काढली. तिचे पेटंट त्याला १९६८ साली मिळाले. त्याच वर्षी रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल ही कंपनी काढली. आज इंटेल म्हटले की संगणकाचा मेंदू आठवतो. पण तिचा पहिला धंदा स्मृतीचाच होता. १९७० साली तिने बाजारात आणलेल्या ‘११०३’ या चिपमध्ये १०२४ आकडे मावत. दोन वर्षांत ती जगातली सर्वाधिक खपाची चिप झाली आणि तारा ओवणाऱ्या बोटांचे काम संपत आले.

इंटेलची सद्दी मात्र फार काळ टिकली नाही. टेक्सासमधील मॉस्टेक या कंपनीने चिपच्या पायांची संख्या कमी करणारी युक्ती काढली आणि चार हजार, मग सोळा हजार आकड्यांच्या चिपांत ती पुढे गेली. तिथूनच बाहेर पडलेल्या काही तरुणांनी १९७८ साली आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावी मायक्रॉन ही कंपनी काढली. तिला भांडवल कोणी पुरवले? जे. आर. सिम्प्लॉट या बटाट्याच्या बड्या व्यापाऱ्याने! बटाट्याचे भाव कसे चढतात नि कोसळतात हे ज्याला कळते, त्याला या धंद्याचे मर्म कळले असले तर नवल नाही.

हा धंदा असा का?

इथे थोडे थांबून या मालाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. सिलिकॉनच्या गोल चकतीवर शेकडो चिपा एकदम उमटवल्या जातात. त्यांतल्या किती निर्दोष निघतात यावर नफा ठरतो. कारखाना उभारण्यास अफाट पैसा लागतो, आणि एकदा उभा राहिला की तो रात्रंदिवस चालू ठेवणे भाग असते. बंद ठेवला तरी कर्जाचे व्याज चालूच. त्यातून एका कंपनीची चिप आणि दुसरीची चिप यांत गिऱ्हाइकाला फारसा फरक नाही. आमची इरकल वेगळी नि तुमची वेगळी असे सांगण्याची सोय नाही.

परिणाम काय? मागणी वाढली की सगळेच कारखाने वाढवतात. दोन-तीन वर्षांनी सगळ्यांचा माल एकदम पेठेत येतो आणि भाव कोसळतो. मग तोटा सोसूनही माल काढत राहावे लागते. या लढाईत ज्याचे कसब मोठे तोच जिंकतो असे नाही. ज्याचा दम मोठा तो जिंकतो.

जपानची दुपार

हा दम जपानने दाखवला. १९७६ ते १९८० या काळात तिथल्या सरकारने फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा या पाच प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका संशोधन प्रकल्पात एकत्र बसवले. त्यांच्या पाठीशी बँकांचे दीर्घ मुदतीचे भांडवल होते. १९८० साली अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या रिचर्ड अँडरसन यांनी जाहीर सभेत सांगितले की, त्यांच्या तपासणीत जपानी चिपांमध्ये अमेरिकन चिपांपेक्षा दोष बरेच कमी आढळले. स्वस्त म्हणून हिणवलेला माल गुणातही सरस निघाला.

१९८५ च्या मंदीत अमेरिकेचा कणा मोडला. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी आपल्या सहकाऱ्याला, मूर यांना, विचारले की आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करील. उत्तर उघड होते: तो स्मृतीचा धंदा सोडील. मग आपणच का सोडू नये? ज्या मालावर कंपनी उभी राहिली तोच इंटेलने टाकून दिला. मॉस्टेकही त्याच वर्षी विकली गेली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि मायक्रॉन अशी मोजकीच नावे टिकून राहिली.

मग सरकारे उतरली. मायक्रॉनने जपानी कंपन्या पडत्या भावाने माल ओततात अशी तक्रार केली आणि १९८६ साली अमेरिका-जपान करार झाला. त्यात किमान भावाचा बंदोबस्त होता. पुढच्या वर्षी करार पाळला जात नाही म्हणून अध्यक्ष रेगन यांनी ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर शंभर टक्के जकात बसवली. पण भाव वर बांधल्याने झाले काय? अमेरिकन संगणकवाल्यांना चिप महाग पडली, जपानी कंपन्यांच्या तिजोरीत नफा गेला, आणि तिसऱ्याच एका देशाला दार उघडले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही आपल्याकडची म्हण कोरियाने खरी केली.

कोरियाची चिकाटी

सॅमसंगचे संस्थापक ली ब्यंग-चुल यांनी १९८३ च्या फेब्रुवारीत स्मृतीच्या धंद्यात उतरण्याची घोषणा केली. चौसष्ट हजार आकड्यांच्या चिपचे तंत्र त्यांनी कोणाकडून घेतले? पैशाची निकड असलेल्या मायक्रॉनकडूनच! भाव कोसळले, तोटा वाढला, तरी त्यांनी कारखाने बांधणे थांबवले नाही. मंदीत बांधलेला कारखाना तेजीत कामाला येतो, हा त्यांचा हिशेब होता. संस्थापक १९८७ साली वारले. त्यानंतर पाच वर्षांत सॅमसंग या मालात जगात पहिली झाली.

पुढे मोठे मासे लहानांना गिळत गेले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९९८ साली आपला धंदा मायक्रॉनला विकला. ह्युंदाईने १९९९ मध्ये एलजीचा चिपधंदा घेतला, त्याचीच पुढे हायनिक्स झाली आणि २०१२ मध्ये ती एसके समूहाकडे गेली. जर्मनीची किमोंडा २००९ साली बुडाली. जपानच्या एनईसी आणि हिताची यांनी मिळून काढलेली एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली व पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती घेतली. एकेकाळी तीन चतुर्थांश पेठ ज्या देशाच्या मुठीत होती, त्याच्या नावाची एकही मोठी कंपनी या मालात राहिली नाही.

आता नव्वद टक्क्यांहून अधिक पेठ सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडे आहे. थोडेच उरले की ते एकमेकांशी भांडतात तसे कधी संगनमतही करतात. १९९९ ते २००२ या काळात भाव ठरवून घेतल्याबद्दल अमेरिकेत सॅमसंगला ३० कोटी, हायनिक्सला साडेअठरा कोटी आणि जर्मन इन्फिनिऑनला १६ कोटी डॉलर दंड झाला. मायक्रॉनने तपासाला साहाय्य केले म्हणून ती सुटली. निपाणीच्या तंबाखू उत्पादकाला हे निराळे समजावून सांगायला नको. शेतकरी हजारो आणि भाव ठरवणारे मूठभर, याच दुखण्यावर १९८१ साली निपाणीच्या हमरस्त्यावर आंदोलन पेटले आणि त्यात शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. तिथे घेणारे थोडे होते, इथे विकणारे थोडे, पेच तोच.

पहिली जागाही कायमची नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना थरावर थर रचलेली वेगळी स्मृती लागते. ती आधी साधल्यामुळे २०२५ च्या आरंभी एसके हायनिक्सने सॅमसंगला मागे टाकले. एके काळी सावकारांच्या ताब्यात गेलेली कंपनी पहिली झाली! चीनही २०१६ साली स्थापन झालेल्या आपल्या कंपनीला घेऊन दार ठोठावतो आहे.

आपण कोणत्या बाजूला?

आपल्या देशाने हा खेळ खेळायचा म्हटलेच नाही असे नाही. मोहालीच्या सरकारी चिप कारखान्यात १९८४ साली उत्पादन सुरू झाले, पण १९८९ च्या आगीत तो जळाला आणि ती वर्षे हातची गेली. २०२२ साली पुण्याजवळच्या तळेगावसाठी बोलणी चाललेला चिपप्रकल्प गुजरातकडे वळला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! पुढल्याच वर्षी त्यातला परदेशी भागीदार बाहेर पडला. २०२३ मध्ये मायक्रॉनने साणंद येथे कारखाना जाहीर केला. एकूण पावणेतीन अब्ज डॉलरच्या या प्रकल्पात निम्मा भार केंद्राचा आणि वीस टक्के राज्याचा. तिथे चकतीवर चिप उमटवली जाणार नाही. बाहेरून आलेली चकती कापणे, जोडणे, तपासणे आणि बांधणे एवढे काम होईल.

विणकराच्या भाषेत सांगायचे तर सूत मालकाचे, नक्षी मालकाची, पेठ मालकाची. आपली ती मजुरी. मजुरी वाईट नव्हे. तिच्यावर शहापूर, वडगाव, खासबागेतली कितीतरी घरे उभी राहिली. कोरियानेही आरंभ परक्यांच्या चिपा जोडण्यापासूनच केला होता. फरक एवढाच की, तो तिथे थांबला नाही. मजुरीत हात तयार झाले, त्या हातांना शिक्षण मिळाले आणि पडत्या काळात कोणीतरी पदरचा पैसा ओतत राहिले. मजुरीवर विणणाऱ्याने स्वतःचा माग घ्यायचा तर या तीनही गोष्टी एका वेळी जुळून याव्या लागतात, आणि त्यांतली एक जरी हुकली तर पिढी जाते, हे आपल्या गल्ल्यांनी जवळून पाहिले आहे. साणंदचा हिशेब वीस वर्षांनी मांडला जाईल तेव्हा किती चिपा बांधल्या याच्याइतकेच, किती जणांनी स्वतःचा माग घातला, हेही विचारले पाहिजे.